भिंतीवरची वाटी

आमच्या आणि काकूंच्या घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. १९९६ साली आम्ही बदलापुरात राहायला आलो तेव्हा ती छातीपर्यंत होती. २००५च्या २६ जुलैला उल्हास नदी अंगणात आली आणि जाताना वरचे चार थर घेऊन गेली. तेवढे पुन्हा बांधून घ्यायचं दोन्ही घरांनी आजवर मनावर घेतलेलं नाही. या उंचीवर कोपरं टेकवून बोलायला बरं पडतं, आणि वाट्यांची ये-जाही सोपी होते.

वाट्यांचं आधी सांगायला हवं. आमच्या स्वयंपाकघरात मासे शिजत नाहीत. पण काकूंच्या हातचं बांगड्याचं कालवण ह्यांना भिंतीवरून मिळतं. ते ओटीवर बसून खातात, वाटी बाहेरच्या नळावर घासली जाते आणि चिवडा नाहीतर साखरभात घालून परत जाते. एकोणतीस वर्षं हा व्यवहार चालू आहे आणि आमच्या सासूबाईंना तो शेवटपर्यंत कळला नाही, असं आम्ही सगळे धरून चालतो.

तर गेल्या आठवड्यात काकूंनी लागोपाठ तीन दिवस कढीपत्ता मागितला. मला तिथेच कळायला हवं होतं. काकूंच्या कालवणात त्रिफळं असतात, आमसूल असतं. कढीपत्त्याचं तिथे काय काम? पण झाड आमचं आहे आणि फांद्या त्यांच्याकडे वाकलेल्या आहेत, त्यामुळे मागण्याचीही खरं तर गरज नव्हती.

शनिवारी सकाळी साडेदहाला त्या पुन्हा भिंतीशी आल्या. माझा कुकर उतरला होता. बारापर्यंत पलीकडच्या गल्लीतल्या आमच्या ब्लॉकवर जाऊन नळ सोडून, खिडक्या उघडून यायचं होतं. मुलासाठी २०१४ साली घेतलाय तो. बंद ब्लॉकचे नळ आठवड्यातून एकदा सोडले नाहीत तर गंज धरतो, म्हणून दर शनिवारी माझी ती फेरी असते.

"चार काड्या दे गो," काकू म्हणाल्या, आणि काड्या हातात घेऊनही तिथेच उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"व्हायचंय काय. लग्न ठरलं, जागा ठरत नाही."

म्हणजे त्यांचा भाचा. धाकट्या बहिणीचा मुलगा. ऐरोलीला एका कंपनीत कामाला आहे, कळव्याला भावाच्या दोन खोल्यांत पंख्याखाली आडवा होतो. मुलगी ठाण्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तुळशीचं लग्न लागलं की यांचं लागणार. मुलीच्या वडिलांनी एकच अट घातली, जावयाने हुंडा-बिंडा मागू नये आणि आम्ही सोनं-नाणं मागत नाही, पण दोघांना स्वतंत्र दार हवं. यात वावगं काय? दार हवं म्हणजे महाल हवा असं त्यांनी कुठे म्हटलंय!

"ऐरोलीलाच बघायचं ना मग," मी म्हटलं.

"बघितलं की. वन बीएचकेला चोवीस हजार. डिपॉझिट एक लाख. एजंटचं एक महिन्याचं भाडं, म्हणजे आणखी चोवीस. पहिल्या महिन्याचे चोवीस आगाऊ. कराराचे वेगळे." काकू भिंतीवर बोटाने बेरीज मांडत होत्या. "चहाचं आधण ठेवायच्या आधी दीड लाख. त्याला मिळतात अडतीस, तिला बत्तीस. सत्तरातले चोवीस तिथेच गेले. आणि तो एजंट मेला जागा दाखवायला आला आणि जिन्यातच म्हणतो कसा, आज टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय."

"ती दुसरी पार्टी सगळीकडे येते. आमच्या गिरगावातल्या खोलीच्या वेळीही येत होती."

"एक जण म्हणाला, हेवी डिपॉझिट भरा. सात लाख एकदम द्या, भाडं शून्य, जाताना सात लाख परत. मी म्हटलं, सात लाख असते तर तुझ्या दारात आले असते का? आणि जाताना तूच कुठे गेलेला असलास तर?"

मग त्यांची मोहीम रुळाच्या कडेने खाली सरकली होती. ठाणं, कळवा, डोंबिवली, अंबरनाथ. इकडची सगळी माणसं अशीच सरकत आलेली आहेत. एकेक स्टेशन मागे टाकावं तसं भाडं उतरतं आणि पहाटेचा गजर तेवढाच अलीकडे येतो. आम्ही आलो तेव्हा मुंबईतले नातेवाईक बदलापूर म्हटलं की "म्हणजे पुण्याच्या अलीकडे का?" असं विचारायचे. आता तेच वांगणी-कर्जतला जागांचे भाव विचारत फिरतात. आमच्याकडे यायची वेळ आली की म्हणतात, तुमचं काय बाई, तुम्ही वेळेवर घेतलंत.

वेळेवर म्हणजे कसं, तेही सांगते. आमची गिरगावातली खोली पागडीची. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठवली, ती गोठलेलीच राहिली. सासरे महिन्याला जेवढं भाडं भरायचे तेवढ्यात पुढे पुढे दोन मसाला डोसे आले नसते. मालकाला त्यात इमारत रंगवायची इच्छा कुठून होणार? जिना डुगडुगायचा, पावसाळ्यात वरच्या मजल्याला टेकू लागायचे. खोली सोडली तेव्हा पागडीतला एक तृतीयांश मालकाने रीतसर घेतला, आणि उरलेल्यात दिरांचा वाटा देऊन आमच्या वाट्याला आलं ते हे बदलापूरचं बैठं घर. मालक वाईट नव्हता. पण तेव्हापासून भाडेकरू म्हटलं की आमच्या घरात दोन्ही बाजूंची भीती एकत्र नांदते: आपण भाडेकरू असताना मालकाची, आणि आता भाडेकरूची.

हे मी काकूंना बोलले नाही. तेव्हा मला ते सुचलंही नव्हतं.

"डोंबिवलीत काय झालं?" मी विचारलं.

"डोंबिवलीत आडनाव विचारलं." काकूंनी कढीपत्त्याची एक काडी ओरबाडून पानं तळहातावर घेतली. "एका ठिकाणी फोनवरच विचारलं. एकीने निदान चहा देऊन विचारलं. आडनाव विचारलं की समजायचं, जेवण विचारतायत. आणि जेवण विचारलं की समजायचं, आणखी काहीतरी विचारतायत. पोरगा सरळ आहे गो, म्हणाला आम्ही बुधवार, शुक्रवार, रविवार मासे खातो. त्या म्हणाल्या, बाकीचे चार दिवसही बघा मग दुसरीकडे."

मी हसले. हसताना जरा घशात अडकलं. दोन वर्षांपूर्वी एक एजंट आमच्या दाराशी आला होता तेव्हा माझ्या तोंडून काय काय निघालं होतं ते आठवलं. कुटुंब हवं, शाकाहारी हवं, फार लहान मूल नको, कुत्रं नको, संगीत शिकवणारे नकोत. तेव्हा हे आतून म्हणाले होते, "मग देवच बसवा तिथे, नैवेद्य दाखवला की भागतं." एजंट परत आला नाही.

विषय बदलावा म्हणून मी म्हाडाचं काढलं.

"भरलाय अर्ज," काकू म्हणाल्या. "आणि तिथे तर आणखी मजा. नवऱ्याचं आणि बायकोचं उत्पन्न एकत्र धरतात. सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम. आज याचे साडेचार लाख, तिचे पावणेचार-चार. दोघंही अत्यल्प. अक्षता पडल्या की साडेआठाच्या घरात, म्हणजे अल्प! आता तूच सांग, लग्नाआधी अर्ज करायचा की नंतर?"

"लॉटरी लागेपर्यंत नातवंडांचं उत्पन्न मोजायची वेळ येईल."

"अगं, पूर्वी रंगशारदाला जाऊन बसायचो आम्ही. वांद्र्याला. डबे घेऊन. नंबर पुकारले की लोक ओरडायचे, रडायचे. आता काय, मोबाईलवर लागली नाही ते कळतं, एवढाच फरक." मग जरा थांबून, "विरार-बोळिंजला म्हणे जो आधी येईल त्याला, अशी घरं म्हाडाने विकायला काढलेली. पण विरारहून ऐरोली म्हणजे आधी दादर, मग परत ठाणं, मग पुढे. त्यापेक्षा नोकरीच बदललेली बरी."

लॉटरीचा विषय निघाला की काकू वरळीला पोचणार हे ठरलेलं. काकूंचे सासरे वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. इंग्रजांच्या काळात, १९२०च्या दशकात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या चाळी. तीन मजले वर, मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला नळ आणि संडास. एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्यात काकूंच्या भाषेत "नऊ जणं आणि एक शिवणयंत्र." रात्रपाळीचे आले की दिवसपाळीच्यांच्या वळकट्या उचलायच्या, त्यामुळे जमिनीला कधी थंड व्हायला मिळायचं नाही. काका मिलमध्ये साच्यावर होते. १९८२च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. काकाही नाही. काही वर्षं केळी विकली, मग इकडे एमआयडीसीत वॉचमनची नोकरी मिळाली, मग हिशेबाचे जे पैसे हाती आले त्यात हे घर. चाळीतली खोली धाकट्या दिराच्या नावावर राहिली.

"एकशे साठ फुटांचा काय वाटा मागायचा, असं मीच म्हटलं होतं जावेला," काकू म्हणाल्या. "आता बघ. २०२५च्या ऑगस्टात पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या. त्यात आमचे दीर! पाचशे फूट, फुकट, कार्पेट. लिफ्टने वर जायचं, समोर समुद्र. जाऊबाई म्हणते, वहिनी, कानाला दडे बसतात हो. बसू देत की!"

"तुम्ही गेलात बघायला?"

"गेले. संडास घरात, दोन दोन. मी आधी तेच बघितलं. चाळीत सकाळी डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला समुद्र नंतर दिसतो." काकूंनी पदराने कपाळ टिपलं. ऑक्टोबरचं ऊन भिंतीवर आलं होतं. "जाऊ दे. त्यांना पाचशे फूट, आपल्याला कढीपत्ता. काकांचा गिरणी कामगार म्हणून अर्ज आहे अजून. कागद दोनदा दिले. २०१२ साली पहिली सोडत निघाली त्यात नव्हतं नाव. आता काकाच नाहीत, पण अर्ज आहे."

यावर बोलण्यासारखं काही नसतं. मी आत जाऊन ताकाचा गडवा आणला.

ताक पिता पिता विकत घेण्याचा विषय निघाला, कारण तो निघतोच. भाड्याचे पैसे म्हणजे पाण्यात, हप्त्याचे पैसे म्हणजे भिंतीत, असं आपल्याकडे म्हणतात. मीही तेच म्हटलं. काकूंनी हिशेबही करून आणला होता! बदलापुरातच नव्या इमारतीत अडतीस लाखांची जागा. तीस बँकेचं कर्ज, आठ पदरचे, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. घर बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते, तेही त्यांना ठाऊक होतं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं तर महिना सव्वीस हजारांचा हप्ता.

"वीस वर्षांत साडेबासष्ट लाख भरायचे," ओटीवरून हे म्हणाले. पेपर आडवा धरला की यांना ऐकू येत नाही असा माझा समज आहे. तो चुकीचा आहे.

"आणि ते आठ लाख कुठून आणायचे?" काकू. "त्याला मी म्हटलं, घाई करू नको. त्या नदीकाठच्या इमारतीत तर मुळीच नको. जाहिरात बघितलीस का? रिव्हर टच!"

आम्ही दोघी एकदमच हसलो. नदीचा टच काय असतो तो या भिंतीला विचारा. २००५ला ती कट्ट्यापर्यंत आली, २०१९च्या जुलैत पुन्हा आली. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती ना, हजारावर प्रवासी बोटींनी काढले, तेव्हाची गोष्ट. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतल्या मोठ्या पुराची, आणि लाल असते शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नसतं. आता बिल्डर तुम्हाला स्विमिंग पूल दाखवतो, जिम दाखवते त्याची ती टाय घातलेली मुलगी, पण रेषेचा नकाशा मागितला की दोघं एकमेकांकडे बघतात. दर फुटामागे पाचशे-सातशे स्वस्त का आहे, हे आधी विचारावं. पाणी कुठून येतं ते विचारावं. कधी कधी उत्तर एकच असतं.

"भोगवटा प्रमाणपत्र आहे का, ते बघायला सांगितलंय त्याला," काकू म्हणाल्या. "नाहीतर डोंबिवलीसारखं व्हायचं. पासष्ट इमारती. कागद खोटे, त्यावर रेराचा नंबर खरा! लोकांनी बँकेचं कर्ज काढून घेतली घरं, आणि हायकोर्ट म्हणालं पाडा. चूक म्हणावी तर कुणाची म्हणावी? त्या माणसाने नंबर बघूनच घेतलं होतं ना?"

मी गप्प राहिले. २०१७ साली बिल्डरांना लगाम घालणारा रेरा कायदा आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. निदान सुपर बिल्ट-अपची गंमत तरी संपेल. आमचा तो ब्लॉक कागदावर साडेसहाशे फूट आहे. त्यातले जिन्याचे, लिफ्टचे आणि बहुधा बिल्डरच्या मोकळ्या मनाचे वजा केले की आत साडेचारशे भरतात. आता कार्पेटच सांगावं लागतं. पण खोटं बोलायची जागा बदलते फक्त.

हे सगळं ऐकून माझाही गळा भरून आला, म्हणजे माझ्या मुलाच्या आठवणीने. तो पुण्याला वाकडला भाड्याने राहतो.

"काकू, तुम्हाला सांगते, या घरमालकांची जातच वाईट," मी म्हटलं. हे वाक्य मी म्हटलं. मला नीट आठवतं. "दोन खोल्यांचे बावीस हजार. दर अकरा महिन्यांनी करार, दर कराराला वाढ. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आम्ही गेलो तर मालकीणबाई खाली विचारते, पाहुणे किती दिवस आहेत? अहो, आई-बाप म्हणजे पाहुणे? आणि मी म्हणते, त्यांची तीन तीन घरं. एक बंद ठेवतात, एक भाड्याने देतात, एकात राहतात. बंद ठेवून काय मिळतं या लोकांना?"

"तेच की," काकू म्हणाल्या. शांतपणे.

"२०११च्या जनगणनेत," ओटीवरून आवाज आला, "एकट्या मुंबईत चार लाख ऐंशी हजारांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती. आर्थिक पाहणी अहवालात छापून आलं होतं. माणसं रस्त्यावर आणि घरं कुलपात."

"बघा," मी म्हटलं.

काकूंनी ताकाचा पेला भिंतीवर ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

"का ठेवत असतील गो बंद?"

"भीती वाटते. भाडेकरू निघाला नाही तर?"

"हो, पूर्वीचं ते. पण माझा मावसभाऊ आहे ना कल्याण कोर्टात, तो सांगत होता. १९९९च्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचं वेगळं कलम आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी. लोक म्हणतात अकरा महिन्यांचा नोंदवावा लागत नाही, ते आपल्याकडे खोटं. नोंदवलेला असला आणि मुदत संपून माणूस निघाला नाही, तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि तोवर दुप्पट भाडं लावायचं. मुद्रांक किती, तर पाव टक्का. नोंदणी हजार रुपये. घरबसल्या ऑनलाईन. अंगठा मशीनवर ठेवला की झालं."

"असं का," मी म्हटलं.

"आणि सोसायटीवाले उगाच त्रास देतात म्हणतात, भाड्याने दिलं की हे द्या नि ते द्या. तेही नाही. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घ्यायचं नाही, असा २००१चा सरकारी आदेश आहे. पोलिसांना माहिती द्यायची, ती पण मोबाईलवर."

कढीपत्ता तीन दिवस का लागत होता, ते आता माझ्या लक्षात येऊ लागलं. ही बाई कल्याण कोर्टापर्यंत जाऊन आली होती.

"अडचण अशीय," काकू पुढे म्हणाल्या, पण आता आवाज उतरला होता, "की लांबून यायचं म्हटलं तर मला त्या पोरांची काळजी वाटते. ऐरोलीला जायचं म्हणजे इथून ठाण्याला आणि तिथून ट्रान्स-हार्बर. कर्जत लोकल भरून येते. बदलापूरहून सुटणारी धरावी तर अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं उलटी येऊन खिडक्या धरून बसलेली. मग दारात उभं राहायचं."

२०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातली माणसं रुळावर पडली. ते दोघींच्याही मनात आलं असणार. कुणी बोललं नाही. हे पेपरची घडी घालत होते ती घालायची थांबले.

"पण निदान इथे," काकू म्हणाल्या, "मी आहे. तिला उशीर झाला तर भाजी टाकून ठेवता येईल. पहिलं बाळंतपण म्हणजे आई लांब पेणला. इथे असली तर मी आहे, तू आहेस." मग अगदी सहज, कढीपत्त्याची काडी उलटसुलट करत: "आज शनिवार ना? नळ सोडायला जाशील ना? येऊ का मीपण? नुसती बघून येते."

माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं तर "तो मुलासाठी आहे." ते खरंच आहे. तो येणार नाही हेही खरं आहे, पण ते मोठ्याने म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. दर शनिवारी मी जाऊन नळ सोडते, त्याच्या खोलीतला टेबल पुसते, अकरा वर्षांत कुणी न वापरलेल्या त्या ओट्यावर हात फिरवून बघते आणि परत येते. पाणी सोडलं की आधी तांबूस येतं, मग स्वच्छ होतं. तेवढा वेळ मी तिथे उभी असते.

"ह्यांना विचारून सांगते," मी म्हटलं.

"विचारा की," हे म्हणाले. इतक्या जवळून, की मी दचकले. ते ओटीवरून उठून भिंतीशी येऊन उभे होते, पेपर काखेत.

"सोसायटीत सगळे…" मी म्हटलं आणि पुढचा शब्द गिळला. काकूंच्या कोपराशी कालची वाटी होती, घासून, पालथी घातलेली. चिवडा भरून परत द्यायची राहिली होती माझ्याकडून.

"मासे ना?" काकू म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर सोपं झालं असतं. "सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको माझ्याकडून कोलंबी निवडून नेते दर रविवारी. बघ बाई तू तुझं."

मग मी तेच केलं, ज्यासाठी सकाळपासून लोकांच्या नावाने बोटं मोडत होते. मी विचारलं, "भाडं किती द्यायचं म्हणतायत?" आणि काकूंनी आकडा सांगायच्या आतच, "बाजारात चाललंय तेवढं तरी…" असं माझंच तोंड म्हणालं, आणि "डिपॉझिट पन्नास," तेही तेच म्हणालं, आणि "दर अकरा महिन्यांनी थोडीशी वाढ." वाकडच्या मालकीणबाईला माझा आवाज कसा मिळाला कोण जाणे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बोटाने भिंतीवर काहीतरी मांडलं, पुसलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त डिपॉझिटातून एकोणतीस वर्षांचं कालवण वजा कर."

हे खळखळून हसले. "मग उलट आपल्यालाच देणं निघेल," म्हणाले, आणि आत जाऊन खुंटीवरची किल्ली घेऊन आले.